पिळदार शरीर आणि स्वभावाचे मोजमाप

व्यायामशाळेत जाऊन शरीर कमावणाऱ्या मुलांबद्दल आपल्याकडे दोन मते ठामपणे मांडली जातात. पहिले मत असे की, हा मुलगा निर्व्यसनी, शिस्तीचा आणि आत्मविश्वास असलेला असतो. दुसरे मत असे की, तो आरशात रमणारा, तापट आणि अक्कल गुडघ्यात असलेला असतो. जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी ही दोन्ही मते शाळेच्या एकाच शिक्षकखोलीत, कित्येकदा एकाच मुलाविषयी ऐकू येतात. अलीकडे त्यांच्यामागे ‘हे संशोधनाने सिद्ध झाले आहे’ असे शब्द जोडले जाऊ लागले आहेत. गंमत अशी की, दोन्ही मतांना संशोधनाचा आधार दाखवता येतो. अशा वेळी विज्ञान शिकवणाऱ्याने थांबून तीन प्रश्न विचारले पाहिजेत : मोजले काय? केव्हा मोजले? आणि कोणाचे मोजले?

हे प्रश्न केवळ संशोधनपद्धतीचे नाहीत. आपल्या अकरावी-बारावीच्या वर्गांतील काही मुले पोलीस भरतीसाठी, काही सैन्यभरतीसाठी, तर काही निव्वळ हौसेने व्यायामशाळेत जातात. त्यांतील एखाद-दुसरा ‘श्री’ किताबाच्या स्पर्धेची तयारी करत असतो. असा मुलगा एकाएकी चिडचिडा झाला, वर्गात पेंगू लागला, मित्रांत मिसळेनासा झाला, तर ‘पैलवानी स्वभाव, दुसरे काय’ म्हणून सोडून द्यायचे की त्याला जवळ बसवून चौकशी करायची? आपण काय करू, ते या संशोधनाचा अर्थ कसा लावतो यावर अवलंबून आहे. म्हणून शरीरसौष्ठवपटूंच्या मनःस्थितीविषयी आणि स्वभावाविषयी झालेल्या काही प्रसिद्ध अभ्यासांचे येथे परीक्षण करत आहोत.

मनःस्थिती आणि स्वभाव

प्रथम या दोन शब्दांतील फरक पाहू. एप्रिल-मे महिन्यांत जिंतूरला पारा चाळिशी ओलांडतो. त्या एका दुपारची नोंद पाहून कोणी ‘जिंतूरचे तापमान बारा महिने चाळीस अंशांवर असते’ असे म्हणाला, तर आपण त्याला हसू. दुपारचे तापमान ही एका वेळची स्थिती आहे, हवामान हा वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दिसणारा आकृतिबंध आहे. मनःस्थिती आणि स्वभाव यांच्यातही असेच नाते आहे. आजचा राग ही मनःस्थिती. निरनिराळ्या प्रसंगी, निरनिराळ्या माणसांशी, वर्षानुवर्षे चटकन राग येणे हा स्वभावगुण.

हा फरक सांगायला सोपा आणि पाळायला कठीण आहे. पुढील बहुतेक घोटाळे एका वेळच्या नोंदीला कायमचा गुण समजल्यामुळे झालेले आहेत.

शरीरावरून स्वभाव ओळखण्याचा जुना प्रयत्न

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन यांनी १९४० च्या सुमारास माणसांच्या शरीराचे तीन घटक कल्पिले : गोलसर-मेदयुक्त, स्नायूयुक्त आणि सडपातळ. प्रत्येक घटकाशी एकेक स्वभाव जोडला. स्नायूयुक्त माणूस धडाडीचा, वर्चस्व गाजवणारा, धोका पत्करणारा. १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी २०० तरुणांची शरीरे आणि स्वभाव यांची सांगड घातली. सहसंबंध निघाला सुमारे ०.८. मानसशास्त्रात एवढा मोठा सहसंबंध क्वचितच मिळतो, आणि शंका घ्यायला तेवढे कारण पुरेसे होते.

शरीराला गुण देणारे शेल्डनच होते आणि स्वभावाला गुण देणारेही तेच होते. समोर पिळदार दंडाचा तरुण बसला आहे, आणि असा तरुण धडाडीचा असतो हे आपलेच गृहीतक आहे. मग ‘धडाडी’च्या रकान्यात हात आपोआप मोठा आकडा लिहितो. परीक्षार्थीचे नाव झाकून उत्तरपत्रिका का तपासतात, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

शरीरावरून स्वभाव ठरत असता, तर जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या जैन गुहा पाहून आलेल्यांना बाहुबलीची कथा खोटीच ठरवावी लागेल. ज्याच्या नावातच बाहूंचे बळ आहे, त्याने जिंकलेले राज्य सोडले आणि देहाची ममता टाकून तो उभा राहिला. कथा हा शास्त्रीय पुरावा नव्हे, हे खरे. पण बळकट शरीर आणि शांत वृत्ती एकत्र नांदू शकतात ही कल्पना आपल्या परंपरेला परकी नाही, एवढे त्यावरून दिसते.

हिमनगाचे चित्र

१९७१ मध्ये मनःस्थिती मोजण्याची एक प्रश्नावली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तीत ६५ शब्द किंवा छोटी वर्णने असतात. ‘गेल्या आठवड्यात तुम्हाला असे किती वाटले?’ याचे उत्तर ० ते ४ या आकड्यांत द्यायचे असते. त्यावरून ताण, खिन्नता, राग, जोम, थकवा आणि गोंधळ अशा सहा बाबींचे गुण काढतात. विल्यम मॉर्गन यांनी ही प्रश्नावली वरच्या दर्जाच्या कुस्तीगीर, धावपटू आणि वल्हवणाऱ्या खेळाडूंना दिली. त्यांचा जोम सरासरीपेक्षा वर आणि बाकी पाच बाबी सरासरीपेक्षा खाली आल्या. आलेख काढला तर पाण्याबाहेर डोके काढलेल्या हिमनगासारखा दिसतो. तेव्हापासून ‘हिमनग’ हे निरोगी खेळाडूच्या मनाचे चित्र मानले जाऊ लागले.

१९८३ मध्ये फुक्स आणि झायकॉव्स्की यांनी पुरुष व स्त्री शरीरसौष्ठवपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यातही हाच हिमनग आढळला. म्हणजे आरशात रमणारा, तापट वगैरे मताला येथे धक्काच बसला.

मात्र या हिमनगावर किती भार टाकायचा? १९९५ मध्ये रौली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३३ अभ्यासांचा एकत्रित हिशेब केला. यशस्वी आणि कमी यशस्वी खेळाडूंमधला फरक या चित्रावरून कितपत सांगता येतो, हे त्यांना पाहायचे होते. उत्तर आले : एक टक्क्याहूनही कमी. शिवाय प्रश्नावली स्वतःच ‘गेल्या आठवड्यात’ असे विचारते. स्पर्धेला चार महिने असताना भरून घेतलेला कागद आणि स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात भरून घेतलेला कागद ही एकाच माणसाची दोन वेगळी चित्रे असू शकतात. तो आठवडा कोणता होता हे सांगितल्याशिवाय हिमनग दाखवणे म्हणजे तारीख न घालता तापमान सांगणे होय.

आरसा : दोष की अवजार?

आता दुसऱ्या मताकडे वळू. शरीरसौष्ठवपटू आत्मप्रेमी असतात, असे सांगणाऱ्या अभ्यासांत आत्मप्रेम मोजण्यासाठी बऱ्याचदा चाळीस प्रश्नांची एक प्रसिद्ध प्रश्नावली वापरली जाते. तिच्यातले तीन प्रश्न स्वतःचे शरीर पाहायला, ते दुसऱ्याला दाखवायला आणि आरशात पाहायला आवडते का, अशा आशयाचे आहेत. शरीरसौष्ठवपटू या तिन्हींना होकार देणार हे उघड आहे. त्याने चाळिसांपैकी तीन गुण स्वभावामुळे मिळवले की खेळामुळे, हे कसे ठरवणार?

या खेळाचे स्वरूपच येथे लक्षात घ्यावे लागते. आपल्या तालमीत कुस्तीचा निकाल लाल मातीत लागतो. समोरच्याला चीत केले की झाले. शरीरसौष्ठवात निकाल परीक्षकाच्या डोळ्यांवर ठरतो. युजेन सँडो यांनी १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये अशी पहिली मोठी स्पर्धा भरवली, तेव्हा परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल होते. पुढे सँडो भारताच्या दौऱ्यावरही येऊन गेले. मोनोतोष रॉय (१९५१), मनोहर आईच (१९५२) आणि प्रेमचंद डेगरा (१९८८) या भारतीयांनी विश्वश्री किताब आपापल्या गटांत मिळवले. कोल्हापूरच्या सुहास खामकरांनी २०१० मध्ये आशियाश्री मिळवला. या सर्वांना खांद्याचा कोणता स्नायू मागे पडतो आहे, हे आरशाशिवाय कसे कळणार? गवंड्याला ओळंबा लागतो, तसा यांना आरसा लागतो. कामाच्या अवजाराला स्वभावाचा दोष ठरवणे हे मोजमाप नव्हे.

याचा अर्थ आरशापुढे काहीच बिघडत नाही, असाही नाही. १९९३ मध्ये हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०८ पुरुष शरीरसौष्ठवपटूंच्या मुलाखती घेतल्या. त्यांतील ९ जणांना एक विलक्षण त्रास होता. चांगले भरदार शरीर असूनही आपण लुकडे दिसतो, अशी त्यांची खात्री होती. काही जण उन्हाळ्यातही अंगभर जाड कपडे घालत, लोकांत जाणे टाळत. ज्या आजारात हडकुळी मुलगी स्वतःला जाड समजून जेवण सोडते, त्याचे हे उलटे रूप होते. आणखी ३ जणांना तो मूळ आजारच पूर्वी होऊन गेला होता. पुरुषांत तो विरळा असल्याने हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. उलट्या रूपाला पुढे ‘स्नायूविषयक देहभ्रम’ अशा अर्थाचे नाव मिळाले आणि २०१३ मध्ये अमेरिकी मनोविकार-वर्गीकरणात त्याची नोंद झाली.

हा अभ्यास महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. आम्हांला खटकते ते त्याचे लोकप्रिय वाचन. १०८ पैकी ९ म्हणजे सुमारे ८ टक्के. उरलेल्या ९९ जणांना हा त्रास नव्हता. ‘शरीरसौष्ठवपटूंना देहभ्रम असतो’ असा मथळा देणारा अंश वाचतो आणि छेद विसरतो. शिवाय हे ९ जण व्यायामामुळे आजारी पडले, की आधीच आजारी असल्यामुळे व्यायामाकडे ओढले गेले, हे एका वेळच्या मुलाखतीतून सांगता येत नाही. दोन्ही शक्य आहेत, आणि शिक्षकाने करायची गोष्ट त्यानुसार बदलते.

भुकेचा हिशेब

स्वभावाच्या चर्चेत जवळजवळ नेहमी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे भूक. स्पर्धक स्पर्धेपूर्वी तीन-चार महिने आहार कमी करत जातो. त्वचेखालची चरबी जितकी कमी, तितके स्नायू उठून दिसतात. शेवटच्या दिवसांत काही जण पाणी आणि मीठही तोडतात. १९९६ मध्ये ऑस्ट्रियाचे आंद्रेआस म्युन्झर यांचा एका मोठ्या स्पर्धेनंतर काही दिवसांतच मृत्यू झाला.

या उपासमारीचा मनावर काय परिणाम होतो, हे शरीरसौष्ठवाशी काडीचा संबंध नसलेल्या एका प्रयोगाने दाखवले आहे. १९४४-४५ मध्ये अँसल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांवर तो केला. मानसिकदृष्ट्या निकोप असल्याची तपासणी करूनच हे स्वयंसेवक निवडले होते. २४ आठवडे त्यांना नेहमीच्या सुमारे निम्मे अन्न दिले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. याहून बोलके ठरले ते मनातले बदल. शांत माणसे खेकसू लागली, एकलकोंडी झाली, विनोद संपले, सारा वेळ मनात अन्नाचे विचार. व्यक्तिमत्त्व मोजण्याच्या नामांकित कसोटीतही त्यांचे खिन्नतेचे आणि शारीरिक तक्रारींचे गुण वर चढले. पोटभर अन्न मिळू लागल्यावर ते हळूहळू उतरले.

येथे थोडे थांबून विचार करू. ‘व्यक्तिमत्त्व’ मोजते असे मानलेली कसोटीच भुकेने हलली. मग स्पर्धेच्या मंडपात, दोन दिवस पाणी तोडलेल्या तरुणाच्या हाती कसोटीचा कागद दिला, तर आपण त्याचा स्वभाव मोजतो की त्याची भूक?

शरीरसौष्ठवातही अशी नोंद झाली आहे. २०१३ मध्ये रॉसो आणि सहकाऱ्यांनी औषधे न घेणाऱ्या एका स्पर्धकाचा बारा महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिने स्पर्धेपूर्वीचे, सहा नंतरचे. शरीरातील चरबी १४.८ टक्क्यांवरून ४.५ टक्क्यांवर आली. रक्तातील टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक एक चतुर्थांश उरले. हृदयाचे ठोके मिनिटाला ५३ वरून २७ वर उतरले. आणि मनःस्थितीच्या बिघाडाचा एकूण गुण ६ वरून ४३ वर गेला. स्पर्धेनंतरच्या महिन्यांत टेस्टोस्टेरॉन पूर्वपदावर आले आणि मनही सावरले. एकाच माणसाचा अभ्यास म्हणून त्यावरून सर्वांविषयी विधान करता येणार नाही. पण त्याची तुलना त्याच्या स्वतःशीच, वारंवार झाली, हे त्याचे बळ आहे. शेकडो जणांना एकदाच गाठून केलेल्या पाहणीला जे सांगता येत नाही, ते येथे दिसते : माणूस तोच, मन वेगळे.

औषधांचा वाटा

दुसरी विसरली जाणारी गोष्ट म्हणजे स्टेरॉइडे, म्हणजे टेस्टोस्टेरॉन व त्याची कृत्रिम भावंडे. १९९४ मध्ये पोप आणि कॅट्झ यांनी ती घेणारे ८८ आणि न घेणारे ६८ खेळाडू तपासले. घेणाऱ्यांपैकी २३ टक्क्यांना औषधाच्या काळात उन्माद किंवा तीव्र खिन्नता यांसारखे मोठे विकार झाल्याचे आढळले. आठवड्याला १००० मिलिग्रॅमहून अधिक घेणाऱ्यांत प्रमाण विशेष होते.

याउलट १९९६ मध्ये शलेंदर भसीन आणि सहकाऱ्यांनी ४३ पुरुषांवर नियंत्रित प्रयोग केला. काहींना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन आणि बाकीच्यांना नुसते बनावट इंजेक्शन दिले. स्नायू वाढले, पण रागात किंवा मनःस्थितीत बदल आढळला नाही. मग खरे कोण? २००० मध्ये पोप यांनीच असा प्रयोग केला. तो पूर्ण करणाऱ्या ५० जणांपैकी ४२ जणांत जवळजवळ काही फरक पडला नाही, ६ जणांत सौम्य उन्मादाची लक्षणे दिसली आणि २ जणांत ती ठळक होती. भाकीत करता येईल असा कोणताही गुण या दोघांत आधी दिसला नव्हता.

तेव्हा दोन्ही अभ्यास खरे असू शकतात. सरासरी काढली की दोन माणसे बेचाळिसांत बुडून जातात. पण वर्गात आपल्यासमोर सरासरी बसत नाही, एकेक मुलगा बसतो. शिवाय प्रयोगशाळेत मात्रा ठरलेली असते आणि डॉक्टर हजर असतात. गावातल्या बाजारात मात्रा, मिश्रण आणि शुद्धता यांपैकी कशाचीच खात्री नसते. आणखी एक गोष्ट अशी की, बाहेरून संप्रेरक आले की मेंदू वृषणांना दिला जाणारा आदेश थांबवतो. औषध बंद केल्यावर शरीराचे स्वतःचे उत्पादन सुरू व्हायला वेळ लागतो, आणि त्या मधल्या काळात काही जणांना गंभीर खिन्नता येते. भारतात याच्या जोडीला मेफेंटरमाइन या रक्तदाब वाढवणाऱ्या इंजेक्शनाचा व्यायामशाळांत गैरवापर झाल्याची उदाहरणे आहेत. ते उत्तेजक असल्याने झोप उडवते, आणि त्यामुळे संशयभ्रम झालेले रुग्णही डॉक्टरांनी नोंदवले आहेत.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०१९ सालच्या आकडेवारीत भारतातील १५२ उल्लंघनांपैकी ५७ शरीरसौष्ठवातील होती. येथेही छेद विसरू नये. एकूण किती जणांची आणि कशी निवड करून तपासणी झाली, हे पाहिल्याशिवाय त्यावरून प्रमाण काढता येत नाही. मात्र प्रश्न काल्पनिक नाही, इतके निश्चित.

जिंतूरमध्ये अभ्यास करायचा तर

प्रश्नावल्या वाटायच्या, खेळाडू व बिगरखेळाडू यांच्या सरासरींतला फरक काढायचा आणि तो ‘स्वभावातील फरक’ म्हणून छापायचा, अशी प्रकल्पांची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. तिच्यात सुधारणा कशी करता येईल?

पहिली गोष्ट, एकाच व्यायामशाळेतले तीन गट वेगळे ठेवावेत : भरतीची तयारी करणारे, हौशी आणि स्पर्धक. ही तिन्ही मुले वजने उचलतात, पण त्यांची भूक, झोप आणि चिंता वेगळ्या असतात. दुसरी, मोजणी एकदा न करता वर्षातून निदान चार वेळा करावी, आणि स्पर्धेची तारीख नोंदवावी. तिसरी, प्रश्न आपल्या भाषेत असावेत. इंग्रजीतील भाववाचक शब्दांना कोशातला प्रतिशब्द देऊन भागत नाही. आपला मुलगा ‘मी खिन्न आहे’ असे म्हणत नाही, तो ‘मन लागत नाही’, ‘कसंतरीच होतंय’ असे म्हणतो. चौथी, उस्ताद किंवा प्रशिक्षक शेजारी उभा असताना ‘तुला राग येतो का?’ असे विचारू नये. उत्तर ‘नाही सर’ हेच येणार.

अकरावीच्या वर्गात याची सोपी तालीम घेता येईल. इच्छुक विद्यार्थ्यांनी तीन आठवडे रोज ठरावीक वेळी आपली मनःस्थिती ० ते १० या पट्टीवर स्वतःच्या वहीत नोंदवावी. शेजारी किती तास झोप झाली, जेवण झाले की उपवास वा रोजा होता, व्यायाम केला का आणि परीक्षा होती का, हे लिहावे. नावे न घालता आलेख मांडावेत. स्वतःच्याच आलेखातील चढउतार पाहिल्यावर ‘तो मुळातच तसा आहे’ असे म्हणायला विद्यार्थी कचरतात. औषधांविषयीचे प्रश्न मात्र वर्गात विचारू नयेत. ते खासगीत बोलायचे असतात.

शिक्षकाने काय पाहावे

या परीक्षणातून आमचा निष्कर्ष असा. शरीरसौष्ठवपटूंचा म्हणून एक ठरावीक स्वभाव असतो, असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही. व्यायामाकडे कोण वळते, स्पर्धेची उपासमार काय करते आणि औषधे काय करतात, हे तीन परिणाम बहुतेक अभ्यासांत एकमेकांत मिसळलेले आहेत. यांतले पहिले कदाचित स्वभावाचे असेल. दुसरे बदलता येते, आणि तिसऱ्यावर उपचार करता येतात. तिघांना मिळून ‘स्वभाव’ म्हटले की, जे दुरुस्त होण्याजोगे आहे तेही आपण सोडून देतो.

म्हणून मुलगा बदललेला दिसला, तर तो ‘कसा आहे’ यापेक्षा ‘कधीपासून असा आहे’ हे विचारावे. स्पर्धा केव्हा आहे, रोज काय खातोस, पाणी किती पितोस, झोप लागते का, कोणी काही टोचून घ्यायला सांगितले आहे का, हे प्रश्न दरडावून न विचारता विचारावेत. भर उन्हाळ्यात अंग झाकून घेणारा, भरदार असूनही स्वतःला लुकडा म्हणणारा, सणाच्या जेवणालाही घरच्यांबरोबर न बसणारा मुलगा दिसला, तर पालकांशी बोलावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. औषध घेत असल्याचे त्याने सांगितलेच, तर ते एकदम बंद करण्याचा हुकूम सोडू नये. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. त्याला शाळेतून काढण्याची भीती घातली, तर पुढच्या वेळी तो काहीच सांगणार नाही.